आडवा झालेला देव

पूर्वी काशीच्या गादीवर एक वृद्ध राजा असताना बोधिसत्त्व नदीकाठच्या एका उंच अर्जुनवृक्षात वृक्षदेवता म्हणून जन्मला होता. झाडाच्या एका अंगाला बुरुडांचं तीस घरांचं गाव होतं. दुसऱ्या अंगाला नदीतून फुटून गावामागून जाणारं तिचं जुनं, कोरडं पात्र होतं आणि त्यापलीकडे उंच माळ.

त्या गावची एक रीत होती. नवी पाटी विणून झाली की तिच्यात पहिल्यांदा माती भरायची आणि ती देव मानलेल्या या अर्जुनाच्या बुंध्याशी नेऊन ओतायची. असा पिढ्यान्‌पिढ्या मोठा पार चढला होता.

पदुमा नावाची म्हातारी रोज सकाळी पाराशी यायची, खोडावर हात ठेवायची आणि विचारायची, "देवा, आहेस ना रे?" मग स्वतःच म्हणायची, "आहेस म्हणजे झालं." आणि कामाला लागायची. बोधिसत्त्वाला या म्हातारीचा फार लळा होता.

एका वर्षी नदीनं रोख बदलला. रोज हातभर काठ ढासळू लागला. घाबरलेल्या गावाला प्रमुख कुंडकानं सांगितलं, "आधी देवाला वाचवा. देव राहिला तर आपण राहू."

पदुमा म्हणाली, "अरे बाबा, देवानं आपल्याला सांभाळायचं की आपण देवाला? आताच माळावर चला. माझ्या सुनेचे, नंदाचे दिवस भरत आलेत, तिला ऐन वेळी कशी हलवू?"

"आजी, देवाला टाकून जायचं म्हणतेस? जिभेला काही हाड आहे का?" कुंडक खेकसला.

मग काय! सारा गाव पाट्या घेऊन धावला. माती जवळ कुठं मिळणार? जुन्या पात्रात. तिथंच खणत गेले आणि गावाच्या बाजूनं पार उंच करत गेले. बोधिसत्त्व कळवळून पानं सळसळवत होता, 'अरे, तिथं खणू नका, नदीला वाट करून देताय!' पण देवतेचं बोलणं माणसांना कुठं ऐकू येतं? वारा सुटला असं वाटून ते आणखी घाईनं खणू लागले.

आठव्या दिवशी भर दुपारी पाणी त्या खणलेल्या वाटेनं आत शिरलं. पुढं नदी, मागं नदी, मध्ये गाव! माळाची वाट तुटली आणि नेमक्या त्याच वेळी नंदाला कळा सुरू झाल्या.

पदुमानं पाराशी येऊन खोडाला कपाळ टेकलं. "देवा, पूर थांबव असं मी म्हणत नाही. नदीचंही काही चालत नसेल. माझ्या पोरीला वाट तेवढी दे. कशी द्यायची ते तू बघ."

नदी थांबवणं बोधिसत्त्वाच्या हाती नव्हतं. हाती होतं ते एकच घर, हे झाड. पात्राकडची मुळं पाण्यानं उघडी पडली होती. आता झाड उभं होतं ते गावानं प्रेमानं घातलेल्या मातीत रुतलेल्या मुळांवर. तो मनाशी म्हणाला, 'यांनी मला इतकं धरून ठेवलं. आता मीच सोडलं पाहिजे.' आणि त्यानं एकेक मूळ सैल केलं.

अर्जुन हळूहळू कलला आणि पात्रावर आडवा झाला. शेंडा पलीकडच्या माळाला टेकला.

"देव पडला! संपलं सगळं!" म्हणत कुंडकानं कपाळ बडवून घेतलं.

"रडतोस काय मेल्या, चढ वर!" पदुमा ओरडली. "पडला नाही तो. आपल्यासाठी आडवा झालाय!"

नंदाला धान्याच्या मोठ्या पाटीत बसवून चौघांनी पलीकडे नेलं. मागोमाग तीस घरं उतरली. सर्वांत शेवटी पदुमा आली. तिनं खोडावर हात ठेवून विचारलं, "देवा, आहेस ना रे?" या वेळी पुढचं न म्हणताच ती खोडावरून चालू लागली. ती माळावर पोहोचली आणि प्रवाहानं झाड ओढून नेलं. तेवढ्यात बाळाचं रडणं ऐकू आलं.

बोधिसत्त्व बेघर झाला. उघड्या माळावर उन्हात तो त्या माणसांच्या आसपास राहिला. तिथं झाड नव्हतं, झुडूपही नव्हतं.

महिन्याभरानं नंदानं पहिली पाटी विणली. पदुमानं तिच्यात माती भरली आणि मोकळ्या जागी ओतली.

कुंडक हळूच म्हणाला, "आजी, इथं देव कुठं आहे?"

"आपल्याला इथवर आणलं त्यानं. तो मागं राहील होय?" मातीवर हात ठेवून ती म्हणाली, "आहेस म्हणजे झालं."

बोधिसत्त्व त्या पाटीभर मातीत राहायला आला.

ही कथा सांगून भिक्षूंचे गुरू, शास्ता, म्हणाले, "भिक्षूंनो, दुष्काळात विहार सोडावा लागेल म्हणून भिंतींना कवटाळून रडणारा हा भिक्षू तेव्हाचा कुंडक होता. रिकामं भांडं घासून, उद्या शिजवायला मिळेल या भरवशावर पालथं घालणारी ही वृद्ध उपासिका पदुमा होती. आणि तो वृक्षदेव मीच होतो. पदुमाची ती श्रद्धा होती आणि वृक्षदेवाचा तो त्याग. पण श्रद्धा आधी होती. तिनं वाट मागितली, म्हणून मला वाट होता आलं."