दोन्ही उजवे

"मग चूक कुणाची, अण्णा? माझी, की सेटिंगची?"

अभिनंदन मगदूमनं हे विचारलं तेव्हा मी मिरजेत अण्णा लोणारींच्या स्टुडिओत स्टुलावर बसलो होतो. आम्हा पेन्शनवाल्यांना दरसाल आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. त्यासाठी फोटो हवा होता. अंगात अण्णांचाच काळा कोट होता आणि त्याच्या बाह्या माझ्या बोटांपर्यंत आल्या होत्या.

अण्णांनी कॅमेऱ्यामागून डोकं काढलं.

"परत सांग," ते म्हणाले. "सावकाश."

अण्णा वस्तूंचे फोटो काढतात. पंप, व्हॉल्व्ह, स्टीलचे डबे, दवाखान्याची हत्यारं. कारखान्यांच्या कॅटलॉगसाठी चाळीस वर्षं हेच काम. माणसांचे फोटो फक्त ओळखीच्यांचे काढतात, तेही नाइलाजानं, आणि तसं तोंडावर सांगतात.

अभिनंदन त्यांचा शिष्य. सहा वर्षं झाली त्याला. पोरगा हुशार, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच माहीत.

अण्णांची एक रीत आहे. फोटो तयार झाला की ती वस्तू पुन्हा मागवायची. स्क्रीनशेजारी ठेवायची. तिच्यावर हात ठेवून फोटोकडे बघायचं. मग वेबसाइटसाठी मोठा, मोबाइलसाठी लहान, छपाईसाठी निराळा, असा एकेक काढायचा. दिवसाला तीस झाले तर पुष्कळ.

अभिनंदन म्हणायचा, "अण्णा फोटो पाठवत नाहीत, लेकीची पाठवणी करतात." आम्ही हसायचो. अण्णाही हसायचे.

त्यानं स्वतः कॉम्प्युटरला सगळं शिकवून ठेवलं होतं. फोल्डर टाकायचं, बटण दाबायचं आणि चहाला जायचं. चहा पिऊन येईस्तोवर पाच साइज, तीन फॉरमॅट, प्रत्येकाला नाव आणि नंबर. हजारो फाइली. मी एकदा बघितलं होतं. खोटं कशाला बोलू, मला कौतुक वाटलं होतं.

आज मात्र त्याचा चेहरा बघवत नव्हता.

"स्प्लिंटचं काम होतं ना अण्णा, पावसाळ्याआधीचं. कुपवाडच्या कारखान्याचं."

"ज्यांचा पाय उचलत नाही त्यांच्यासाठीचा साचा. पोटरीमागून तळव्याखाली येतो तो."

"तोच. डावे आणि उजवे, मिळून तीनशे ऐंशी फोटो."

"मग?"

"त्याआधी आपण चपलांचं काम केलं होतं. त्यात नियम होता, सगळ्या चपलांची तोंडं उजवीकडे पाहिजेत. पान नीट दिसतं. ज्यांचं तोंड डावीकडे असेल ती आपोआप उलटी व्हायची. आरशात दिसते तशी."

"चपलेला चालतं ते."

"चालतं. जोडीच विकायची असते... ती सेटिंग तशीच राहिली, अण्णा."



मला कळायला जरा वेळ लागला. उजव्या पायाचे साचे उजवीकडे तोंड करून होते, ते तसेच राहिले. डाव्या पायाचे डावीकडे होते, ते उलटले. डावा पाय आरशात उजवा दिसतो.

म्हणजे त्या पानावर दोन्ही उजवेच दिसत होते.

"खाली नाव लिहिलेलं होतं," अभिनंदन घाईघाईनं म्हणाला. "डावा आणि उजवा, स्पष्ट. इंग्रजीत."

"कुणी मागवला?"

"जतकडच्या एक बाई आहेत. चंद्राबाई ऐवळे. साखरेनं पाय बधिर झालेले, उजवा उचलत नव्हता. सुनेनं मोबाइल समोर धरला, बाईंनी फोटोवर बोट ठेवलं. वरचा होता त्यावर."

"वरचा डाव्याचा."

"हो."

...

"किती दिवस घातला त्यांनी?"

"सहा आठवडे."

"सहा आठवडे कुणाला कळलं नाही?"

"बधिर पाय, अण्णा. आत घोट्याला घासत होता. दुखलंच नाही त्यांना. वास यायला लागला तेव्हा घरच्यांनी काढून बघितला."

त्यानं पुढचं सांगितलं नाही. हातानं दाखवलं, स्वतःच्या गुडघ्याखाली चार बोटं.

मला उठून जावंसं वाटत होतं. पण अंगात अण्णांचा कोट होता, आणि दारात अभिनंदन उभा होता.

"कारखान्याचं काय म्हणणं?" अण्णांनी विचारलं.

"मॅनेजरचा फोन होता. तीनच्या आत बरोबर फोटो चढवा आणि जुने सगळीकडून पुसून टाका, म्हणाले. संध्याकाळी बाईंचा मुलगा येणारे त्यांच्याकडे. तो पान उघडून बघेल, तेव्हा सगळं बरोबर दिसलं पाहिजे."

"आणि मुलगा काय म्हणतो?"

अभिनंदननं खाली बघितलं.

"मुलगा... बायकोलाच बोल लावतो. तिनं मागवला ना. तिला माहेरी धाडलंय. सासूचा पाय सुनेनं घालवला, असं गावभर झालंय. मॅनेजर म्हणाले, घरातच मिटलं, आपण सुटलो."

हे तो बोलला आणि त्याचं त्यालाच ऐकवेना. मग एकदम आवाज चढवून म्हणाला,

"पण अण्णा, तुम्हीच सांगा, काम कसं चालतं हल्ली? तीनशे ऐंशी फोटो. पाच साइज, तीन फॉरमॅट. साडेपाच हजारांच्या वर फाइली होतात. त्यातला एकेक कोण बघत बसणार?"

"त्या बाईंनी बघितला."

...

अभिनंदन भिंतीला टेकला. मी बाहेर रस्त्याकडे बघू लागलो. एक रिक्षावाला उगाच हॉर्न वाजवत होता आणि मला त्याचा राग आला.

अण्णा टेबलाकडे गेले. तिथं पुठ्ठ्याचा खोका होता. कारखान्यानं सकाळी पाठवलेला, नव्यानं फोटो काढायला. अण्णांनी तो उघडून पांढरा प्लास्टिकचा साचा बाहेर काढला.

साचा धुतलेला होता. पण पट्ट्याच्या शिवणीत तपकिरी डाग राहिला होता. नवीन माल पाठवायचा सोडून त्यांनी तोच पाठवला होता, त्या बाईंच्या घरून परत आलेला. निष्काळजीपणाला काही सीमा?

"हा कुठला?" अण्णांनी विचारलं. "डावा की उजवा?"

अभिनंदननं तो हातात घेतला. फिरवून बघितला. आतून बघितलं. त्यानं याचा फोटो काढला होता, पार्श्वभूमी पुसली होती, सावली घातली होती.

"डावा... असेल. त्या बाईंना डावाच पाठवला गेला ना."

"मी गोष्ट विचारत नाही. हातात काय आहे ते विचारतो."

अभिनंदननं साचा पुन्हा उलटसुलट फिरवला.

"उजव्या पायात घाल."

"अण्णा..."

"घाल."

त्यानं बूट काढला, मोजा काढला. साच्यात पाय सरकवला, पट्टा आवळला. पाय आत गेला. तो अण्णांकडे बघू लागला, जरासा हुशारीनंच.

"बसतोय की, अण्णा."

"त्यांनाही बसला. चाल."

स्टुडिओ तो केवढा. पडद्यापासून दारापर्यंत आठ पावलं. अभिनंदन दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. तिसऱ्या फेरीत त्याचं तोंड वाकडं झालं. चौथ्या फेरीत तो स्टुलाला धरून खाली वाकला आणि पट्टा ओढून काढला. आतल्या घोट्यावर रुपयाएवढा लाल डाग उठला होता.

"का काढलास?"

"टोचतंय, अण्णा."

अण्णा त्या लाल डागाकडे बघत राहिले. मग म्हणाले,

"तुला नशिबानं टोचलं."

अभिनंदन रडायला लागला. मोठ्यानं नाही. नाक ओढत, पोरासारखा. इतके दिवस त्याचा तोरा बघून मला वाटायचं, कधीतरी ह्याची जिरायला हवी. आता जिरली होती आणि मला अजिबात बरं वाटत नव्हतं.

अण्णांनी त्याला रडू दिलं. पाणी दिलं नाही की पाठीवर हात ठेवला नाही.

"फोल्डर मीही उघडलं नाही," ते थोड्या वेळानं म्हणाले. "तू करतोस म्हणून सोडलं. ती माझी चूक."

"मग मी आता काय करू? मूळ फोटोंवरून न उलटवलेले, बरोबर फोटो तयार आहेत. एका बटणाचं काम आहे. ते दाबलं तर... जुनं काहीच उरत नाही. त्या सुनेनं काय बघितलं ते कुणाला कधी कळणारच नाही. आणि नाही दाबलं तर उद्या आणखी कुणाचा तरी पाय..."

"दाब."

"काय?"

"दाब बटण. आत्ता. तीन कशाला वाजायला पाहिजेत?"

अभिनंदन चकित होऊन बघत होता. मीसुद्धा. मला वाटलं होतं अण्णा अडवतील.

त्यानं कॉम्प्युटर सुरू केला. पण बटण दाबायच्या आधी अण्णा शेजारी येऊन बसले. खोक्यातून 'डावा', 'उजवा' लिहिलेल्या चिठ्ठ्या काढल्या, साचा स्क्रीनशेजारी ठेवला, त्यावर हात ठेवला.

"पहिला दाखव."

मग दुसरा. मग तिसरा. एकेक फोटो उघडायचा, अण्णा साच्यावरून बोट फिरवायचे, मान हलवायचे, की पुढचा. नव्वदाव्या फोटोच्या सुमारास फोन वाजला. मॅनेजरचाच असणार. कुणी उचलला नाही. मी कोट काढून घडी करून ठेवला. घरी जायचं माझ्या मनातही आलं नाही.

ऊन पडद्यावरून सरकून भिंतीवर गेलं. तीनशे ऐंशी संपले तेव्हा चार वाजून गेले होते.

अभिनंदननं बटण दाबलं. सगळे बरोबर फोटो गेले. पानावर डावा डावा दिसू लागला आणि उजवा उजवा.

"जुने पुसू?"

"पानावरचे गेलेत ना? मग इथले राहू देत. त्यातला एक छाप."

"कुठल्या साइजचा?"

"त्या मोबाइलवर दिसला तेवढा. खाली नाव आलं पाहिजे, आणि कुठल्या तारखेला कुणी बनवला तेही."

"तिथे माझं नाव आहे."

"माझंही घाल."

प्रिंटरमधून कागद आला. मधोमध तो लहानसा फोटो. पांढऱ्यावर पांढरा साचा, उजवीकडे तोंड केलेला, अगदी नीटनेटका. खाली इंग्रजीत लिहिलेलं, डावा. मी चष्मा लावून बघितला. माझ्या लक्षात काही आलं नसतं. मीही वरच्यावरच बोट ठेवलं असतं.

अण्णांनी कागद लिफाफ्यात घातला आणि अभिनंदनपुढे धरला.

"बाई कुठल्या दवाखान्यात आहेत?"

"इथंच, मिरजेत."

"मुलगा कारखान्यावरनं तिथंच येईल. दोघांसमोर हे ठेव. मग त्यालाच विचार बायकोचं माहेर कुठं आहे, आणि तिथंही जा."

"अण्णा, कारखाना काम काढून घेईल."

"घेईल."

"बाईंच्या घरचे पोलिसात जातील."

"गेले तर गेले. मी येतो."

"सगळीकडे नाव होईल आपलं. कुणी दारात उभं करणार नाही."

"होय."

अभिनंदननं लिफाफा घेतला. पायात मोजा न घालताच बूट चढवला. दारापर्यंत गेला आणि थांबला.

"तिथं जाऊन बोलू काय?"

"झालं ते सांग. तुझ्या हातनं झालं, हे आधी सांग. मग गप उभा राहा."

"किती वेळ?"

"बाई बस म्हणेपर्यंत."

...

"आणि त्या नाहीच म्हणाल्या तर?"

अण्णा साच्याचा पट्टा गुंडाळत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"तुला पाय आहेत."