उरलेली पोरं कुणाची?

राजा दुंदुभिसेनाच्या राज्यात दुष्काळ पडला, तेव्हा शेजारच्या राजानं मदत म्हणून ज्वारीच्या गाड्याच्या गाड्या पाठवल्या. ती वाटायची कशी, यावर दिवाण भानजीपंतांनी खूप विचार केला आणि गावोगाव दवंडी पिटवली, "ज्या घरात दोनपेक्षा जास्त पोरं, त्या घराला दाणाही मिळणार नाही हो!"

हिरडगावच्या देवकू परटिणीला सात पोरं. दवंडी ऐकली तशी तिनं हातातलं धुणं दगडावर टाकलं आणि ओल्या पदरानिशी दरबार गाठला.

"महाराज, हा असला नेम कशापायी?"

"गरिबी पोरांमुळं येते," राजा म्हणाला. हे वाक्य दिवाणांनी त्याला सकाळीच शिकवलं होतं. "पोरं कमी, म्हणजे भूक कमी."

"पुढं व्हायची ती कमी करता येतील, महाराज. पण झालेली परत कुठं पाठवू?"

राजानं दिवाणांकडं पाहिलं. भानजीपंतांचं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळं या विषयात त्यांची मतं फार पक्की होती.

"ते तुझं तू बघ," ते म्हणाले. "सोमवारी आम्ही गावात येऊ. दारात उभी असतील ती पोरं मोजू. दोन दिसली तर पोतं मिळेल, तिसरं दिसलं तर हात चोळत बसा."

"पोर कुणाचं, ते विचारणार का?"

"लोकांच्या वंशावळ्या काढायला आम्हाला वेळ नाही. डोकी मोजणार."

"महाराजांचा शब्द?"

"शब्द," राजा म्हणाला. त्याला जेवायला उशीर होत होता.

देवकू गावात परतली आणि दारोदार फिरली. पोरांनी भरलेली घरं गावात होती, तशी एकही पोर नसलेली घरंही होती. तिनं वाटणी सुरू केली. तालमीतला शिदबा पैलवान दोन पोरं पाहून घामाघूम झाला.

"देवकूअक्का, मला पोरं सांभाळायला येत नाहीत."

"रेडा सांभाळतोस ना? ही त्याच्यापेक्षा हलकी आहेत."

ठकूबाई आणि मंजूबाई या दोघी म्हाताऱ्या बहिणी एकाच घरात राहून वर्षानुवर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. त्यांच्या वाट्याला जुळी आली. कोणत्या पोराला पेज पाजून झाली आणि कोणतं राहिलं, हे विचारण्यासाठी दोघींना बोलावंच लागलं, आणि मग मागचं सगळं भांडणही पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

देवकूनं स्वतःचीही पाच वाटून टाकली. संध्याकाळी पेज ढवळताना घर इतकं गप्प होतं की नवरा म्हणाला, "मी जरा रडू का?" धाकटा शेजारच्या लोहाराकडं होता, भिंतीतून त्याचा आवाज येत होता. देवकू दोनदा उठली आणि दोनदा खाली बसली. एवढं करूनही गावात काही पोरं उरलीच. त्यांचं काय करायचं, हे तिनं कुणालाच सांगितलं नाही.

सोमवारी राजाचा मेणा चावडीपुढं टेकला. राजा आणि दिवाण पायी मोजणीला निघाले. पहिल्या दारात दोन पोरं, दुसऱ्या दारात दोन पोरं. राजा खूश झाला.

"पंत, आपला नेम भलताच लागू पडला हो. चार दिवसांत पोरं कमी झाली!"

दिवाणांना मात्र संशय येऊ लागला. शिदबाच्या डोक्यावर एक पोर बसून त्याचे कान ओढत होतं.

"काय रे, तुझं लग्न कधी झालं?"

"अजून मुलगी बघतोय, सरकार."

पुढच्या दारात ठकूबाई जुळ्यांना घेऊन उभी.

"आजीबाई, या वयात?"

"देवाची मर्जी," ठकूबाई म्हणाली, आणि आतून मंजूबाई ओरडली, "तिला काही विचारू नका, मला विचारा!"

दिवाण लाल झाले. पण डोकी दोनच होती. प्रत्येक दारात पोतं उतरत गेलं. मोजणी संपवून राजा परत आला आणि मेण्याचा पडदा बाजूला करतो तर आत पोरंच पोरं! एकानं गादीवर शू केली होती.

"ही कुणाची?"

"तुमची, महाराज," देवकू हात जोडून म्हणाली. "गावात वाटून एवढी उरली. आम्ही तुम्हाला मायबाप म्हणतो. ज्याला दुसरं दार नाही, त्याला तुमचंच."

"पण माझे दोन राजपुत्र आहेत!"

"मग ही धरून दोनाच्या वर गेली. दिवाणसाहेब, आज वाड्यात चूल पेटवायची नाही, असा निरोप धाडा."

दिवाणांनी तोंड उघडलं, पण आपलीच दवंडी त्यांना पाठ होती. राजाच्या पोटात तेवढ्यात गुरगुरलं.

"अगं, पोरं जास्त झाली म्हणून मी उपाशी राहायचं? आणि ही पोरं काय खाणार? यात त्यांचा काय दोष?"

"हेच विचारायला मी दरबारात आले होते, महाराज."

राजा असा हसला की मेण्यातली पोरंही कारण न कळता हसायला लागली.

"पंत, नेम मोडला. जितकी तोंडं, तितकं धान्य. देवकू, तुला दुभती म्हैस दिली. आणखी काय हवं?"

"राजवैद्यांच्या बाईसाहेबांना गावात पाठवा. पोर कधी होऊ द्यायचं नि कधी थांबायचं, ते बायकांना नीट सांगू देत. मला सात पुरे झाली."

"आणि वैद्यबुवा?"

"ते गड्यांना सांगतील. आमच्या घरी जरा जास्त वेळ बसू देत."

जमलेल्या गर्दीत देवकूचा नवरा शिदबाच्या मागं लपला. राजानं दोन्ही गोष्टी कबूल केल्या आणि पोरांना वाड्यावर जेवायला बोलावलं. भोयांनी मेणा उचलला. आत कुणी सरकून जागा करायला तयार नव्हतं, म्हणून राजा हसत हसत शेजारून चालत निघाला.