सात आवाज आणि पहिली वेलांटी

एका मुद्रितशोधिकेचा संगणक एकदा ऐन कामाच्या गर्दीत अडून बसला. कुमुद तिचे नाव. पन्नाशी गाठलेली, घरी एकटी, आणि पार थकून गेलेली. छापायला जाणाऱ्या पानांतल्या चुका टिपणे हा तिचा व्यवसाय. ते करताना ती संगणकावर सात आवाज एकावर एक लावी: पाऊस, नदी, तानपुरा, शेकोटी, पाखरे, उपाहारगृहातली कुजबुज आणि दूरची आगगाडी. सातवा लागला की संगणक मान टाकी.

त्याच सुमारास एका वाचनालयाच्या, तिनेच तपासलेल्या स्मरणिकेवर ‘वर्धापनदिन’ऐवजी ‘वर्धापनदीन’ छापून गेला. एका वेलांटीने शंभर वर्षांचे वाचनालय भिकेला लागले! प्रकाशकांनी कुमुदला स्पष्ट बजावले, की आता हाती असलेल्या पुस्तकातही चूक राहिली तर तिचे काम बंद.

ती अप्पांकडे गेली. हे वृद्ध गृहस्थ तिचे या विद्येतले गुरू. छपाईच्या शिशाच्या खिळ्यांपासून संगणकापर्यंत सारे त्यांनी हाताळलेले. त्यांच्याकडे बाहेर टीव्ही चालू होता, स्वयंपाकघरात रेडिओ, आणि दोन्ही ऐकणारे कोणी नव्हते.

“अप्पा, सात आवाजांना मशीन केवढं लागेल? सोळा जीबी रॅम पुरेल, का बत्तीस घेऊ? साउंड कार्ड वेगळं बसवू का?”

“आवाज लावतेस कशावर?”

“ब्राउझरमध्ये. सात टॅब उघडते.”

“मग मेमरी ते टॅब खातात. सातही एकाच प्रोग्राममध्ये लाव, तुझं आठ जीबीचं मशीन आरामात चालवील. साउंड कार्ड कशाला हवंय?”

उत्तर मिळाले, तरी कुमुद उठेना. अप्पांनी क्षणभर तिच्याकडे पाहिले आणि टीव्ही बंद केला. आत जाऊन रेडिओही बंद केला. तिच्या पिशवीतून पुस्तकाची मूळ प्रत काढली, छापील पाने तिच्यापुढे सरकवली आणि भिंग धरून ते मोठ्याने वाचू लागले.

“त्या दिवशी, दि पहिली, स्वल्पविराम, नदी, दी दुसरी, दुथडी भरून वाहत होती, पूर्णविराम.”

पूर्वी छापखान्यात असेच चाले. एकाने मूळ प्रत वाचायची, दुसऱ्याने छापील पानावर पेन्सिल चालवायची. पुढे वाचणारा माणूस छापखान्याला परवडेनासा झाला, आणि कुमुद पाने घरी नेऊन एकटीच तपासू लागली.

तासाभरात बारा पाने झाली. याच पानांवरून तिने आधी दोनदा नजर फिरवली होती, तरी आज त्यांत अकरा चुका निघाल्या. अप्पांचा घसा बसला, तेव्हा कुठे ते थांबले.

“कुमुद, तुझ्यासमोरची वाचणाऱ्याची खुर्ची रिकामी झाली. ती भरायला तू सात आवाज आणलेस. तेही पुरेनात, म्हणून आता मोठं मशीन शोधते आहेस. अगं, पावसाला वेलांटी सांगता येत नाही.”

कुमुदला रडू आले. ती डोळे पुसत म्हणाली, “पण अप्पा, तुम्हाला रोज कसा त्रास देऊ?”

“त्रास कसला? तो रेडिओ काय मी ऐकत असतो?”

दुसऱ्या दिवशी ती दहाला पोहोचली. दाराबाहेर टीव्हीचा आवाज येत नव्हता. आत टेबलापाशी दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या, आणि अप्पा भिंग पुसत बसले होते.