मुंगसाची राहिलेली अमावास्या

त्या राज्यात साप दर अमावास्येला कात टाकत आणि कातीबरोबर त्यांचा वासही बदले. म्हणून घरोघरी दारावर एक मुंगूस असे, आणि दर अमावास्येला त्यानं टेकडीवर जाऊन ताज्या काती हुंगून याव्यात असा रिवाज होता. तेवढा वेळ घरमालकानं दारंखिडक्या मिटून गप्प बसायचं.

हे गप्प बसणंच चंद्रावती लांडोरीला जमत नसे. तिच्या घराच्या खिडक्या अशा नामी, की बसल्या जागी साऱ्या राज्याची खबर कळे. आतल्या खोलीत तिची सात अंडी होती आणि त्यांच्यावर तिचा खरोखर जीव होता. पण जीव अंड्यांवर आणि नजर खिडकीबाहेर, असा सगळा संसार. भिवा मुंगूस टेकडीकडे निघाला की ती म्हणे, "आत्ता कुठे गप्पा रंगल्यात. पुढच्या अमावास्येला बघू." पुढची अमावास्याही गप्पांतच जाई.

"निदान दोन अंडी साळुंकीमावशींकडे ठेवा, बाई," भिवानं एकदा सुचवलं.

"का? माझं घर काय उघड्यावर पडलंय?"

एके दिवशी खिडकीशी एक गृहस्थ आले. डोक्याला तुरेदार पागोटं, छातीवर पहारेकऱ्याचा बिल्ला, अंगरखा पार जमिनीवर लोळणारा. पाय दिसत नव्हते, पण बिल्ला असलेल्याचे पाय कोण बघतो?

"बाईसाहेब, तुमच्या घरात साप शिरलेत," ते हळहळून म्हणाले. "मी काढून देतो. फुकट."

लांडोर भिवाकडे वळली. "भिवा, तुला एकही दिसला नाही?"

"घरात नाही, बाई. पण या पाहुण्यांचा वास मला ओळखता येत नाही. टेकडीवर जाऊन येऊ द्या, मग सांगतो."

"म्हणजे पुन्हा दार बंद. आणि ओळखता येत नाही म्हणे! मग तुला पोसते कशाला?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. भिवाला त्याच पावली निरोप मिळाला आणि पागोटं आत गेलं. पाहुण्यांनी घर झाडलं, खिडक्या लख्ख पुसल्या, दाराला नवी कडी बसवली. लांडोर इतकी खूश झाली, की ही फुकटची सोय शेजारणींना सांगायला स्वतः बाहेर पडली.

परतली तेव्हा दार आतून बंद होतं. तिनं ठोठावलं. खिडकीची फळी जराशी सरकली आणि पागोटं दिसलं.

"कोण आपण?"

"मी चंद्रावती. हे घर माझं आहे."

"तसं सगळेच म्हणतात. काही खूण?"

"आत माझी अंडी आहेत," ती रडवेली होऊन म्हणाली. "सात."

पहारेकऱ्यानं मागे वळून पाहिलं, ओठांवरून दुभंगलेली जीभ फिरवली आणि अदबीनं म्हणाला, "मग घर चुकलं, बाईसाहेब. इथं तर चारच आहेत."