वहाणांची खिंड

देवखोल बेटावरची नवी वाट दक्षिणेच्या दांडेगावातून निघते आणि डोंगरांच्या पाठीवरून चार दिवस चालून उत्तर टोकाला झरेवाडीत उतरते. नवी म्हणजे पाट्या नव्या, नकाशा नवा आणि मुक्कामाच्या जागी बांधलेले पत्र्याचे संडास नवे. वाट जुनीच आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी ती एका खिंडीत येते. तिथे जांभ्या दगडाचा बुटका चौथरा आहे, चौथऱ्यावर दगडातच कोरलेला वहाणांचा जोड आहे, आणि पुढे वाटेला दोन फाटे फुटतात. उजवा फाटा सावलीचा, गार, पायाखाली मऊ पाचोळा. डावा थेट सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर चढतो. वैशाखात तिथे भाकरी ठेवली तर भाजून निघेल. दगडी वहाणांची टोकं मात्र डावीकडे आहेत, आणि त्या काळ्या कातळावर दर दहा-बारा पावलांवर गेरूने काढलेलं एक लाल पाऊल आहे, पाचही बोटांसकट.

चौथऱ्यापाशी भिकाजी गावकर पाण्याची कळशी घेऊन बसलेले असतात. वय पंच्याहत्तरच्या पुढे, पाय अनवाणी. परवाच्या वैशाखात पुण्याहून आलेल्या एका तुकडीची म्होरकी मीनल त्यांच्यापुढे फोन धरून उभी राहिली. सोबत वाट दाखवायला आलेल्या रुक्मी झोरे हिच्यावर तिचा सकाळपासूनच राग होता.

"काका, ही बाई आम्हाला मुद्दाम उन्हात नेतेय," ती म्हणाली. "नकाशात उजवीकडे सरळ वाट दिसतेय. हिला विचारलं तर नुसतं 'नको' म्हणते."

रुक्मीने डोक्यावरचा पदर नीट केला आणि बाजूला उभी राहिली.

"बसा," भिकाजी म्हणाले. "पाणी पिया. मगे खय जावचा तां ठरवा." आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली.

ही गोष्ट कुठल्या राजाच्या काळातली ते नक्की कोणी सांगत नाही. त्या काळी समुद्रात चाच्यांचा सुळसुळाट होता, एवढं मात्र सगळेच सांगतात. एका वैशाखात पाच गलबतं दांडेगावासमोर येऊन उभी राहिली. गावाच्या होड्या किनाऱ्यावरच अडकल्या. झरेवाडीला तटबंदी होती, तिथे चाचे फिरकत नसत, पण झरेवाडी बेटाच्या दुसऱ्या टोकाला. समुद्राची वाट बंद झाल्यावर उरली डोंगराची, आणि दांडेगावचे लोक पाण्याखालचा एकेक खडक ओळखणारे असले तरी पाठीमागच्या डोंगरात कधी लाकडं तोडण्यापलीकडे गेले नव्हते. तिथली वाट एकाच माणसाला ठाऊक होती. म्हाकू धनगर त्याचं नाव. तो शेरडं राखून डोंगरावर एकटा राहायचा.

गावचा मुख्य साबाजी गावकर. माणूस कर्ता, गावासाठी जीव टाकणारा, पण संशयी. तो कडी लावून दोनदा ओढून बघायचा, आणि दुसऱ्याने लावलेली असली तर तीनदा. धनगरांवर तर त्याचा पहिल्यापासून राग होता. त्याच्या लहानपणी बापाची होडी खडकावर फुटून बाप बुडाला होता, आणि त्या संध्याकाळी डोंगरावर जाळ दिसत होता. बापाने तो बंदरातला दिवा समजून होडी वळवली, असं गावात बोललं गेलं. साबाजीच्या मनाने पुढचंही जुळवलं : जाळ मुद्दाम लावला होता, वाहून आलेला माल लुटायला. त्याची म्हातारी आई, कृष्णाय, म्हणायची, "अरे, थंडीक शेकत बसले असतले गरीब." पण साबाजीला ते कधी पटलं नाही.

आणि आता बायकापोरांसकट चाळीस जीव अशाच एका धनगराच्या हवाली करायचे होते. चाच्यांनी म्हाकूला आधीच फितवलं असलं तर? हा आपल्याला डोंगरात फिरवून फिरवून दमवणार आणि शेवटी त्यांच्या हाती देणार. साबाजीने त्याच्याकडे तारण मागितलं.

"माझ्याकडे काय आसा, गावकरांनु?" म्हाकू म्हणाला. "शेरडां आसत, ती काय तुमी काखेत मारून नेतलात?"

साबाजीने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी, पायांत स्वतः शिवलेल्या जाड तळाच्या वहाणा.

"पायातल्या व्हाणा काढ आणि हय दी," साबाजी म्हणाला. "झरेवाडीत परत गावतल्यो."

वैशाखात अनवाणी माणूस सड्यावरून पळून जाऊ शकत नाही, हा त्याचा हिशेब. आपल्या हुशारीवर तो खूश झाला, असं सांगतात. म्हाकू क्षणभर घुटमळला, मग वाकून त्याने वहाणा काढल्या आणि दोन्ही हातांनी पुढे केल्या. साबाजीने त्या कमरेच्या शेल्यात खोचल्या. कृष्णाय हे बघत होती. तिला चालवत नव्हतं म्हणून साबाजीने तिला पाठीवर घेतलं तेव्हा ती त्याच्या कानाशी म्हणाली, "झिला, तेना आपले पाय तुझ्या हातात दिल्यान. आणि काय घेतलंस की तुझा मन भरतला?"

साबाजीने कमरेचा शेला आणखी घट्ट आवळला.

म्हाकू सगळ्यांच्या पुढे, मधे गाव, आणि सगळ्यांच्या मागे आईला पाठीवर घेतलेला साबाजी, असे ते निघाले. मागून सगळं दिसतं, असं साबाजीला वाटत होतं. पहिला दिवस झाडीत गेला. दुसऱ्या दिवशी सडे लागले आणि साबाजीचा संशय वाढत गेला. म्हाकू मधेच थांबायचा आणि मागे वळून बघायचा. कुणाची वाट बघतोय हा? एकदा तो पळसाची चार पानं तोडून एका दगडाआड गेला आणि मोकळ्या हातांनी बाहेर आला. पानं कुणासाठी ठेवली? कडेने चालण्याऐवजी तो मोठ्या दगडांच्या माथ्यांवर पाय देत चालायचा, जणू आपण कुठून गेलो ते कुणाला तरी दाखवायचं होतं. साबाजी एकेक गोष्ट मनात साठवत होता. संशय एकदा घरात शिरला की जेवायलाही तोच पुढे बसतो.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना त्याला खुणा दिसल्या. कातळावर, दर काही पावलांवर, लालसर तपकिरी डाग. उन्हाने कडक वाळलेले, चाळीस माणसांच्या पायांनी पुसट झालेले, पण वाटेवर बरोब्बर एकामागून एक. गेरूचे! हा पुढे चालत खुणा करत होता, आणि मागून येणाऱ्या चाच्यांना बोट धरून आणावं तशी आपली वाट दाखवत होता.

पुढच्या लोकांना खरं काय ते दिसत होतं, म्हणे. पण गावकराने काढून घेतलेल्या वहाणांबद्दल गावकरासमोर बोलणार कोण? ज्याने त्याने आपापलं पोर कडेवर घेतलं आणि मान खाली घालून चालत राहिला. भिकाजी इथे नेहमी थांबतात आणि म्हणतात, साबाजी एकटाच चुकला असं समजू नका.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते या खिंडीत आले. घागरींतलं पाणी संपलं होतं. पोरांचे ओठ फुटले होते. दोन वाटा समोर होत्या, आणि म्हाकू डावीकडे, रखरखीत सड्याकडे वळला. साबाजीने त्याला हाक मारून थांबवलं, आईला खाली ठेवलं, आणि काही न बोलता होडीच्या दोराने त्याचे हात इथल्या कुंब्याच्या झाडाला बांधले. कारण सांगितलं तर हा ओरडून साथीदारांना सावध करील, अशी त्याची भीती. म्हाकू झाडाशी पाय पोटाशी घेऊन बसला. तो इतका दमला होता की त्याने हातही झटकले नाहीत. तो एवढंच म्हणाला, "उजवे वाटेन जाव नकात, गावकरांनु. थय पाणी नाय, नि पुढे वाटय नाय."

हा नको म्हणतो म्हणजे हीच वाट खरी. साबाजीला आता तिळभरही शंका उरली नव्हती. सगळ्या वाटेत शंका घेणाऱ्या माणसाला नेमकी तिथे शंका आली नाही, ही त्याच्या नशिबाची थट्टा. तो सगळ्यांना घेऊन उजवीकडे सावलीत शिरला. गार वाऱ्याने लोकांना बरं वाटलं. साबाजी जवळजवळ हसत होता. दीड-दोन घटका चालल्यावर झाडी एकदम संपली, आणि वाटही संपली. समोर कडा होता. खाली दोनशे हात समुद्र, आणि समुद्रात दोन गलबतं. एका बाईच्या कडेवरचं मूल रडायचं थांबलं होतं, कारण रडायलाही त्याच्यात त्राण नव्हतं. ती बाई साबाजीकडे बघत राहिली.

ते परतले. खिंडीत येऊन बघतात तर झाडाशी म्हाकू नाही. खरबरीत कातळावर घासून तुटलेला दोर तेवढा पडलेला.

"तो गेलो! सांगत नव्हतंय मी?" साबाजी ओरडला. चाळीस माणसं तहानेने मरायला टेकली असताना आपलं खरं झालं म्हणून त्याच्या आवाजात आनंद होता. ही गोष्ट सांगताना भिकाजींची मान खाली जाते.

तेवढ्यात जमिनीवर बसवलेल्या कृष्णायने हाक मारली. तिचा हात शेजारच्या कातळावरच्या लाल खुणेवर पडला होता. तिने बोट वर करून दाखवलं.

"झिला, गेरू ह्यो उनात इतको वेळ ओलो ऱ्हवात काय रे?"

साबाजी वाकला. खूण ताजी होती, अजून कोणाचा पाय न पडलेली. तिला टाच होती. पाच बोटं होती. त्याने कमरेची एक वहाण काढली आणि त्या खुणेवर ठेवली. वहाणेखाली खूण पुरती झाकली गेली. तिथून दहा-बारा पावलांवर दुसरी खूण होती, त्यापुढे तिसरी. सगळ्या डाव्या वाटेवर. सुटलेला माणूस खाली आपल्या शेरडांकडे गेला नव्हता. ज्यांनी बांधलं त्यांना वाट कळावी म्हणून पुढे गेला होता.

आता साबाजी सगळ्यांच्या पुढे चालू लागला. प्रत्येक खुणेवर वाकायचा, बोट टेकवायचा, ओली आहे ना ते बघायचा आणि पुढे जायचा. त्याने आपली पायताणं कुठे फेकली ते कोणालाच आठवत नाही. खुणांमधलं अंतर कमी होत गेलं. मग पावलांच्या जागी गुडघे आले, आणि गुडघ्यांच्या जोडीला हाताचे पंजे. दिवस मावळायच्या आत त्यांना पाण्याचा आवाज ऐकू आला.

झऱ्याच्या काठी म्हाकू दगडाला टेकून बसला होता. शेजारी पळसाच्या पानांचे द्रोण ओळीने मांडलेले, काठोकाठ पाण्याने भरलेले. लोक आले तसे त्याने डोळे उघडले.

"पोरां पियाली मा?" त्याने विचारलं.

साबाजी त्याच्या पायांशी बसला. त्याने शेल्यातून वहाणा काढल्या आणि म्हाकूच्या पायांत घालू लागला. पाय सुजून दुप्पट झाले होते, आणि एका तळव्याला बांधलेल्या पळसाच्या पानाची चिंधी अजून चिकटलेली होती. वहाणा आत जाईनात. त्याने पट्टे सैल केले, टाका उसवला, तरी जाईनात. गावचा मुख्य, बापाच्या मरणाला न रडलेला माणूस, ती वहाण हातात धरून पोरासारखा रडला, असं सांगतात. झरेवाडीत पोचल्यावर चौथ्या दिवशी म्हाकू गेला. वहाणा साबाजीकडेच राहिल्या. त्याच या चौथऱ्याखाली आहेत.

तेव्हापासून साबाजीने आणि त्याच्यानंतर त्या घरातल्या प्रत्येक मुख्याने खिंडीपासून झऱ्यापर्यंत पायांत काही घातलं नाही. नवी वाट आखायला आलेल्या लोकांनी पांढरे-पिवळे बाण रंगवायचं ठरवलं होतं. सगळं बेट आडवं आलं, आणि खुणा लाल पावलांच्याच राहिल्या.

आजही दर वैशाखात त्या पावलांवर नवा गेरू चढतो. ते काम धनगरांचं नाही, गावकरांच्या घरचं आहे. आजही इथून पुढे निघताना तुकडीच्या म्होरक्याने वाकून वाटाड्याच्या वहाणेचा पट्टा नीट करायचा, पहिल्या सात पावलांपर्यंत आपण अनवाणी चालायचं, आणि पाणी लागेपर्यंत वाटाड्याला कारण विचारायचं नाही. आणि झऱ्याकडे जाताना भिकाजी आजही प्रत्येक खुणेवर वाकून बोट टेकवतात. गेरू कधीचा खडखडीत वाळलेला असतो, तरी टेकवतात.

त्या दुपारी गोष्ट संपल्यावर मीनलने फोन पिशवीत टाकला, बूट काढून हातात घेतले, आणि वाकून रुक्मीच्या चपलेचा पट्टा बसवला. रुक्मी लाजून पाय मागे घेऊ लागली. मीनल डावीकडच्या पहिल्या लाल पावलापाशी गेली, खाली बसली आणि त्यावर बोट टेकवलं. मग ओल लागली का, ते तिने बोट उलटं करून बघितलं.