बेहडेगावचे आवाज

धरणाने उठवून माळावर बसवलेल्या एका गावात एक वाचनालय होते. गावाचे नाव बेहडेगाव. जुने गाव पाण्याखाली गेले होते. नव्यात रस्ते सरळ होते, नळ दारात होते, पण म्हाताऱ्यांचा जीव काही रमत नव्हता. म्हणून वाचनालयाचे राजाराम ढेबे घरोघर जाऊन त्यांचे बोलणे रेकॉर्ड करू लागले. कुणी पाणवठ्याची वाट सांगितली, कुणी हळदीची गाणी म्हटली, कुणी धरणाला नुसत्याच शिव्या दिल्या. राजारामभाऊंनी त्याही जपून ठेवल्या. पुढे एकेक करून ती माणसे गेली आणि संगणकातले आवाज तेवढे उरले.

एवढा ठेवा एकाच जागी ठेवायचा म्हणजे जिवाला घोर. भाऊंनी शेजारच्या दोन वाचनालयांशी बोलणी केली. तुमचे आम्ही सांभाळू, आमचे तुम्ही सांभाळा. कामाचे शब्द आधी ठरले, म्हणजे मागाहून वाद नको. एकाच्या ठेव्याची नक्कल दुसऱ्याकडे राहील, ती 'प्रत'. प्रत्येक फाइलवरून संगणक एक लांबलचक आकडा काढतो, तो तिचा 'ठसा'. फाइल कणभर बिघडली तरी ठसा बदलतो. मूळ ठसे तिघांकडेही राहतील. प्रतीचा ठसा काढून मूळ ठशाशी ताडून बघायचा, तो 'ताळा'. बिघडलेली प्रत चांगलीवरून नवी करायची, ती 'सांधणी'. ताळा दर अमावास्येला करून फोनवर कळवायचा, कारण त्या दिवशी तिकडे कोणी औत धरत नाही आणि वाचनालयात माणूस हमखास सापडतो.

हिरडेवाडीचे वाचनालय मोठे. फरशी गुळगुळीत, संगणकाच्या खोलीला एसी. तिथले अध्यक्ष हणमंतराव शेलार फोन उचलताच म्हणत, "जुळतंय हो, जुळतंय! आमच्याकडं काय बिघडणार?" ठसे काढायची तसदी मात्र ते कधी घेत नसत. एसीवर त्यांचा फार विश्वास.

चिंचखोऱ्याचे वाचनालय म्हणजे पत्र्याची एक खोली. ती कुमुदताई कारंडे चालवीत. एका अमावास्येला त्यांनी ठसे काढले, तर बेहडेगावचे बरेच जुळेनात. ताईंनी पुन्हा काढले, तरी तेच. चिंचखोऱ्याच्या बायकांची गाणीही या दोघांच्या भरवशावर होती. उद्या यांनी आपल्याला वगळले तर ती कोण सांभाळणार? त्यांच्याच कार्यकारिणीतल्या एकाने सल्ला दिला, "जुळतंय म्हणून सांगा की. कोण बघायला येतंय?"

ताईंनी फोन लावला. "भाऊ, तुमची प्रत आमच्याकडं बिघडलीया. चूक आमची. ओल्या भिंतीला संगणक ठेवला व्हता."

हणमंतरावांना हे कळले तेव्हा ते पोट धरून हसले. "पत्र्याखाली असलं काम कुठं जमतंय का!"

राजारामभाऊ हसले नाहीत. चांगली प्रत घेऊन ते एसटीने चिंचखोऱ्याला गेले. सांधणी केली, ताईंबरोबर संगणक कोरड्या भिंतीकडे हलवला, चहा घेतला आणि परतले.

त्याच वर्षी बेहडेगावच्या वाचनालयावर वीज पडली. संगणक जळाला, त्यातला सारा ठेवाही जळाला. राजारामभाऊ तडक हिरडेवाडीला गेले. हणमंतरावांनी ऐटीत संगणक उघडला. फाइलींची नावे ओळीने सगळी होती. एक लावली, तर नुसती खरखर. दुसरी लावली, तर खरखरसुद्धा नाही. एसीच्या त्या खोलीत हणमंतरावांना घाम फुटला.

"कधीपासनं बिघडलंय हे?" भाऊंनी विचारले.

"म्या कधी बघितलंच न्हाई," हणमंतराव खाली बघत म्हणाले.

भाऊ तिथूनच चिंचखोऱ्याला गेले. कुमुदताईंनी एकेक ठसा काढला आणि मूळ ठशाशी ताडला. एकूण एक जुळला. मग त्यांनी एक फाइल लावली. "आमच्या दारातनं नदी दिसायची, लेकरा..." भाऊंच्या आईचा आवाज होता. भाऊ ओक्साबोक्शी रडले.

पुढे बेहडेगावात ते आवाज सर्वांना ऐकवले. लोक आपापली माणसे ओळखून डोळे पुसत होते. गावाने कुमुदताईंची ओटी भरली. राजारामभाऊ हात जोडून म्हणाले, "ताई, प्रत ठेवलीत त्याचे उपकार आहेतच. पण बिघडली तेव्हा तोंडानं बोललात, त्याचे उपकार आम्ही कुठं फेडू? त्या दिवशी गप्प बसला असतात, तर आमची आई आज बोलली नसती."

मागे बसलेले हणमंतराव उठून पुढे आले. "ताई, मी तुम्हाला हसलो," ते म्हणाले. "आमच्याकडची सगळी प्रत बिघडलीया. सांधणीला येताल का?"

"येते की," ताई म्हणाल्या, "आमची गाणीबी तुमच्याकडंच हायेत."

तात्पर्य: ठेवलेली वस्तू वेळोवेळी तपासली तरच ती सांभाळली म्हणावी, आणि बिघाड वेळीच कबूल करणाऱ्याला हसू नये, त्याचे उपकार मानावेत, कारण त्याच्यामुळेच सर्वांचा ठेवा वाचतो.