वस्तादांनी बुडवलेला शनिवार

कॉलेजच्या मागच्या भिंतीला लागून एकदा एक तालीम होती, आणि तालमीत एक म्हातारे वस्ताद होते. कुस्त्या खेळून दोन्ही कान मुडपून गेलेले, गुडघे धरलेले, पण आवाज असा की कुस्तीच्या हौदातली माती हलावी. सगळा गाव त्यांना एका गोष्टीसाठी मानायचा. वस्ताद मारुतीचा शनिवार धरायचे. मिसरूड फुटलं तेव्हापासून धरलेला. दिवसभर नुसतं पाणी. साबुदाणा नाही, केळं नाही, चहासुद्धा नाही. दिवेलागणीला मारुतीपुढं वात लावायची आणि मगच भाकरी मोडायची. घरात मयत झालं तरी तो चुकला नाही, अंगात ताप होता तरी चुकला नाही. लोक त्या शनिवारची शपथ घ्यायचे.

त्यांचा पठ्ठा मल्हारी. अंगानं दांडगा, मनानं निर्मळ, डोक्यानं जरा जाड. दूध, तूप, बदाम, सगळा खुराक वस्तादांनी पुरवलेला. त्यामुळं भूक म्हणजे काय ते गड्याला ठाऊकच नव्हतं. त्याला वाटायचं, भूक म्हणजे जेवायच्या आधी लागते ती.

आता कॉलेजातली पोरं. वाड्यावस्त्यांवरनं आलेली, चौघा-पाचजणांत मिळून एक पत्र्याची खोली घेऊन राहणारी. कुणाला घरनं एसटीनं डबा यायचा, कुणी स्टोवर भात टाकायचं. मधल्या सुट्टीत ही पोरं तालमीच्या नळाला पाणी प्यायला यायची. वस्ताद बाजेवर बसून बघायचे. थंडीचे दिवस, तहान कुणाला नाही, तरी काही पोरं पोट तट्ट होईस्तवर पाणी प्यायची, शर्टाच्या बाहीनं तोंड पुसायची आणि परत वर्गात जायची. वस्तादांनी काय ते ओळखलं. गावात फिरले, ज्वारी मागितली, डाळ मागितली, आणि तालमीच्या पडवीत दुपारची पंगत सुरू केली. भाकरी, आमटी, कांदा. ज्या पोराला पाहिजे त्यानं यावं.

"आणि मल्ह्या, तू दारात उभा राहा," वस्ताद म्हणाले. "येईल त्याला आत घे."

वस्ताद म्हणाले आत घे. मल्हारीनं ऐकलं उभा राहा.

एवढा धिप्पाड गडी दारात उभा राहिला की दारच दिसायचं नाही. त्यातनं त्याच्या डोक्यात बसलेलं, गावानं घामाची ज्वारी दिलीय, ती भलत्याच्या पोटात जायला नको. वस्ताद कुस्त्यांच्या मैदानाला पंच म्हणून परगावी गेले आणि मग तर काय, हाच तालमीचा मालक.

"कुठलं रे तू? डबा येत न्हाई व्हय घरनं? का येत न्हाई?"

"आई आजारी हाय..."

"मोठ्यानं बोल की! आणि हातात काय ते? मोबाईल? मोबाईल परवडतोय आणि भाकरी न्हाई परवडत?"

मागची पोरं हसायची. हसणारीबी उपाशीच. पण दुसऱ्यावर हसलं म्हणजे आपला नंबर येईस्तवर जीव जरा सावरतो.

त्या हसणाऱ्यांत एक पोरगं हसत नव्हतं. अंकुश त्याचं नाव. आईबाप दसरा झाल्यावर ऊसतोडीला गेले, घराला कुलूप, डबा बंद. खोलीत थोडं पीठ होतं ते संपलं. सोबत्यांच्या ताटात एक-दोनदा जेवला, मग त्यांची जेवायची वेळ झाली की बाहेर जाऊन बसायला लागला. आता तालमीच्या दारात आला होता आणि आमटीचा वास नाकात गेला होता.

"तुझं काय रे? बोल."

पोरानं तोंड उघडलं. मागं वळून बघितलं, सगळे कान टवकारून उभे. आणि त्याच्या तोंडातनं निघून गेलं, "मी जेवायला न्हाई आलो, दादा. पाणी प्यायला आलोय. माझा सोमवार हाय."

मल्हारीचा चेहराच बदलला. "सोमवार धरतोस? एवढ्याशा वयात?" त्यानं पोराच्या खांद्यावर हात टाकला. "आणि फराळ? का आमच्या वस्तादांसारखं कडक, नुसत्या पाण्यावर?"

इथं पोरानं फराळ चालतो म्हटलं असतं तर एखादं केळं तरी पोटात गेलं असतं. पण सगळी बघत होती, आणि लई दिवसांनी कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात टाकला होता. त्यानं मान हलवली. नुसत्या पाण्यावर.

झालं. दुसऱ्या दिवशी तो परत आला, आज खरं सांगायचं म्हणून. तर मल्हारी लांबनंच ओरडला, "या भक्त! आज मंगळवार. देवीचाबी धरता का काय?" अंकुश म्हणाला, व्हय. बुधवारी म्हणाला, विठ्ठलाचा. गुरुवार दत्ताचा. आपल्याकडं वाराला देव कमी पडत नाहीत. मल्हारीनं त्याला मारुतीच्या ओट्यावर, पंगतीच्या बरोबर समोर बसवला, कपाळाला शेंदूर लावला आणि जेवणाऱ्या पोरांना दाखवायला लागला.

"बघा रे खादाडांनो! हे बी तुमच्याएवढंच पोरगं. पण मन कसं ताब्यात ठेवलंय!"

पोरगं तिथं बसून दुसऱ्यांनी मोडलेल्या भाकऱ्या बघायचं आणि थुंकी गिळायचं. लईच झालं की हात जोडायचं. हात जोडले म्हणजे थरथरलेले दिसत नाहीत.

शनिवारी भर दुपारी वस्ताद एसटीतनं उतरले आणि खांद्याला पिशवी तशीच ठेवून तालमीत आले. पंगत बसली होती. मल्हारी पळतच पुढं गेला.

"वस्ताद, तुम्हाला जोडीदार गावलाय! ह्यो बघा. सबंध आठवडा उपास, नुसत्या पाण्यावर. आज तुमचाबी आणि ह्याचाबी."

"सबंध आठवडा?" वस्ताद म्हणाले. "कोणच्या देवानं सांगितलं?"

ते ओट्यापाशी गेले. नवा पठ्ठा आला की दंड दाबून बघायची वस्तादांची रीत. तसा त्यांनी अंकुशचा दंड दाबला. बोटं थेट हाडाला लागली. पोराच्या ओठांना पापुद्रे आले होते. त्यानं नजर खाली घातली. वस्ताद तिथनं वळले. पिशवी खुंटीला अडकवली, हातपाय धुतले आणि पंगतीत येऊन मांडी घालून बसले.

"वाढ."

मल्हारी हसला. त्याला वाटलं, चेष्टा. "वस्ताद, शनवार हाय."

"ठावं हाय. भाकरी वाढ."

"अवो, पण..."

"मल्ह्या, कान माझं गेल्यात का तुझं?"

मल्हारीनं वाढलं. वस्तादांनी भाकरी मोडली, आमटीत बुडवली आणि समोर मारुती, वर सूर्य, सगळ्या पोरांदेखत घास तोंडात घातला. पडवीत कुणी चावीना. एक पोरगं तर हातातला घास ताटात ठेवून उठायलाच बघत होतं.

मग वस्ताद ओट्याकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "ए पोरा, खाली ये. माझा शनवार तर बुडाला. म्हातारपण, कळ निघाली न्हाई. आता सगळा गाव मला नावं ठेवणार. एकट्याला ठेवण्यापरीस दोघांना ठेवू दे. बस माझ्या शेजारी."

अंकुश ओट्याला धरून उठला. येऊन बसला. पहिला घास हातात धरूनच बसला जरा वेळ. मग खाल्ला. दुसरा, तिसरा न चावताच गेला. वस्ताद त्याच्याकडं न बघता हळूच म्हणाले, "दमानं. आधी आमटी पी. पोट आखडलंय." पोराचे डोळे वाहत होते, नाक वाहत होतं, तसाच खात होता. आणि एकाचंही लक्ष त्याच्याकडं नव्हतं. सगळी पोरं वस्तादांकडं बघत होती.

मल्हारीनं पळी आपटली आणि बाहेर निघून गेला.

दिवस कलायला आला तेव्हा तो हौदात उतरून माती खणत होता. खणत कसला, मातीवर राग काढत होता. वस्ताद कडेला येऊन बसले.

"बोल," ते म्हणाले. "पोटात ठेवू नगंस."

"काय बोलू?" मल्हारी भडकला. "पाराव लोक हसत्यात. वस्तादांना म्हणं भूक निघाली न्हाई! जन्माचा नेम तुमचा. त्या पोराला भूक लागली होती तर द्यायची त्याला भाकरी, कोण नगं म्हणत होतं? तुमचा शनवार का बुडवला?"

"दिली असती तर घेतली असती व्हय त्यानं?" वस्ताद शांतपणानं म्हणाले. "सगळ्यांम्होरं तू त्याला देव करून ओट्यावर बसवलास. देवाला आपण काय करतो? निवद दाखवतो आणि ताट माघारी नेतो. रोज तू त्या लेकराला भाकरी दाखवलीस, मल्ह्या. रोज माघारी नेलीस."

मल्हारीच्या हातातलं खोरं थांबलं.

"माझा उपास म्हंजे काय? घरात भाकरी हाय, ती मी संध्याकाळपातूर खात न्हाई. एवढंच. उपास धरायला काय लागत न्हाई रे, सोडायला घास लागतो. त्याच्याकडं सोडायलाच काय न्हवतं. उपास माणूस धरतो. उपासमार माणसाला धरती. भायेरनं दोन्ही सारखीच दिसत्यात, म्हणून पोरं उपास सांगत्यात. लाज झाकती तेवढी. त्याला त्या ओट्यावरनं खाली आणायचा तर कुणीतरी त्याच्याबी खाली उतरायला पाहिजे होतं. आणि माझ्यापाशी उतरायला एवढा एकच शनवार होता."

मल्हारी हौदातनं वर आला. मग खोरं टाकलं, अंगावर सदरा चढवला, आणि विचारत विचारत अंकुशची खोली गाठली.

अंकुश वळकटी बांधत होता.

"कुठं निघालास?"

"आईबापाकडं, दादा. तोडीवर. सकाळच्या गाडीनं. नाव काढलं काल कॉलेजातनं."

"काढलं?" मल्हारी ओरडलाच. "का? आता रोज ये की! दारात कोण काय इचारंल त्याची मानच मोडतो."

"मग तुमचीच मोडाय लागंल," अंकुश म्हणाला आणि हसला.

मल्हारीबी हसायला गेला. जमलं नाही.

"तुमच्यामुळं न्हाई, दादा," अंकुश म्हणाला. "मला शिकाय जमतच न्हाई. डोकं न्हाई आपल्याला. सर फळ्यावर लिहायचे, ती अक्षरं हलायची. वाचलेलं ध्यानात राहायचं न्हाई. सरांनी काय इचारलं तर ऐकू यायचं, पण बोलाय गेलं की नुसती अंधारी. बारावीला वर्गात पहिला आलो होतो, कसा आलो काय की. ह्या थंडीत कळलं, आपण ढ हाय."

मल्हारी चौकटीत उभा. जाड डोक्याचा गडी, पण त्या पोराला जे अजून कळलं नव्हतं ते त्याला कळलं, आणि छातीत कुणीतरी गुडघा रोवल्यासारखं झालं.

"ढ न्हाईस रे तू," तो म्हणाला. "तू उपाशी होतास."

अंकुशनं ऐकलं. मोठं माणूस समजूत घालायला काहीतरी बोलतं, तेव्हा ऐकतात तसं.

"असंल, दादा," म्हणाला, आणि वळकटीची गाठ आवळली.

मल्हारीनं त्याला लई समजावलं. पण पोराचं एकच, बापानं आपल्यासाठी कोयता बघून ठेवलाय, वाट बघत असतील. सकाळी मल्हारी स्टँडवर गेला. वळकटी टपावर चढवली, फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या खिडकीतनं दिल्या. गाडी हलली तेव्हा पोरानं हात केला. मल्हारीला हात वर करता आला नाही.

तालमीत वस्ताद बाजेवर बसले होते.

"गेला?"

"गेला."

"हंगाम संपला की जाऊ त्याच्या घरी," वस्ताद म्हणाले. "येतो म्हणला तर आणू. आणि न्हाई म्हणला तर..."

सोमवारी दुपारी मल्हारी दारात नव्हता. ताटं त्यानं उंबऱ्याच्या आतल्या अंगाला मांडून ठेवली होती, आणि स्वतः दाराकडं पाठ करून चुलीपुढं बसला होता. पोरं येत होती, ताट घेत होती, बसत होती. कोण आलं, कुठलं आलं, त्यानं बघितलं नाही. मग एका पोराच्या चपला उंबऱ्याशी येऊन थांबल्या. आत येईनात, माघारीबी जाईनात. मल्हारीची मान वळायला झाली होती. त्यानं वळवली नाही. तव्यावरची भाकरी उलटली, विस्तव पुढं ओढला, भाकरी टम्म फुगेस्तवर तिच्याकडंच बघत राहिला.

लई वेळानं त्याच्या पाठीमागं ताट उचलल्याचा आवाज झाला.